पाण्याखालचें प्रवासवर्णन

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार दिसावयास जितका सोपा, तितकाच लिहावयास फसवा आहे. कथाकाराला घटना जुळवाव्या लागतात, कवीला शब्द शोधावे लागतात. प्रवाशाला मात्र सारें आयतें मिळालेलें असतें आणि त्यानें तें केवळ उतरून घ्यावयाचें, असा सार्वत्रिक समज आहे. या समजाची किंमत मराठी वाचक अनेक पुस्तकांतून मोजीत आला आहे. अलीकडे त्यांत एका नव्या शाखेची भर पडली आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रांत उतरावें, मासे व प्रवाळें पाहावीं आणि घरीं आल्यावर त्यांचें वर्णन लिहावें, हा उद्योग सुशिक्षित मध्यमवर्गांत आतां नवलाचा राहिलेला नाहीं. मालवणच्या समुद्रांत पहिली बुडी मारलेला तरुण पुढें अंदमानास जातो आणि तेथून मालदीवला. त्याच्या टिपणांना हस्तलिखिताचें व हस्तलिखिताला पुस्तकाचें रूप येण्यास फारसा विलंब लागत नाहीं. या वर्णनांचें मोल कोणत्या कसोटीवर ठरवावें, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा झाला आहे.

हा विचार आम्ही निव्वळ आरामखुर्चींत बसून मांडीत आहों असें नाहीं. पन्नाशी उलटल्यावर कन्येच्या आग्रहास्तव आम्ही ही विद्या शिकलों आणि तिच्या सोबतीनें मालदीवमध्यें सफरीच्या एका बोटीवर सात रात्री राहिलों. तेथें लिहिलेली आमची रोजनिशी हीच या लेखांतील पहिली आरोपी आहे.

मालदीव म्हणजे सुमारें बाराशें लहान बेटें. तीं सव्वीस कंकणद्वीपांत विभागलेलीं असून दक्षिणोत्तर आठशें किलोमीटरांहून अधिक पसरलीं आहेत. कंकणद्वीपाला इंग्रजींत जो ‘अ‍ॅटॉल’ शब्द आहे, तो मुळीं याच बेटांच्या दिवेही भाषेंतून गेलेला आहे. एका बेटावरील हॉटेलांत उतरणाऱ्यास जवळपासचीं चार ठिकाणें पाहावयास मिळतात. म्हणून हौशी पाणबुड्या बोटीवरच बिऱ्हाड करतो. बोट दिवसा एका कंकणद्वीपाहून दुसऱ्याकडे जाते आणि रात्रीं, प्रवाळांच्या खडकांच्या भयानें, आंतल्या शांत पाण्यांत नांगर टाकते. तिच्या मागोमाग ‘धोणी’ नांवाची दुसरी नौका असते. हवेच्या टाक्या व त्या भरण्याचें यंत्र तिच्यावर. दिवसांतून तीन बुड्या, मध्यें भोजन व निद्रा, असा क्रम. तेथील नियमाप्रमाणें तीस मीटरांखालीं जातां येत नाहीं. त्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो आणि टाकींतील हवाही चौपट वेगानें संपते. एकंदर बुडी पाऊण तासाची, फार तर तासाची. त्या जगांत मनुष्य तेवढ्यापुरताच पाहुणा असतो.

या पाऊण तासांत तोंड बंद असतें, ही गोष्ट टीकाकाराच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. तोंडांत रेग्युलेटर असल्यामुळें बोलणें अशक्य. उरतात त्या हातांच्या खुणा. तर्जनी व अंगठा जुळवून केलेलें वर्तुळ म्हणजे ‘ठीक आहे’. उभा अंगठा म्हणजे ‘शाबास’ नव्हे, ‘वर चला’. कपाळावर उभा धरलेला हात म्हणजे शार्क. या भाषेंत नाम आहे, आज्ञा आहे, स्तुतीचें विशेषण मात्र नाहीं. मग वर येऊन तोंड मोकळें होतांच साऱ्या मंडळींच्या मुखांतून तुंबलेलीं विशेषणें एकदम बाहेर पडतात: अद्भुत, अलौकिक, स्वप्नवत्! हींच विशेषणें रात्रीं वहींत उतरतात आणि पुढें पुस्तकांत जातात. बेसुमार स्तुति हा जो या वर्णनांचा मुख्य दोष, त्याचा उगम येथें आहे.

आमच्या रोजनिशींत तिसऱ्या दिवसाचें वाक्य असें आहे: ‘आज आम्हीं स्वर्गाची बाग पाहिली, जेथें प्रवाळ नव्हतें तेथें पांढरी शुभ्र वाळू अंथरलेली होती.’ वाक्य लिहून आम्ही संतुष्ट झालों आणि तें कन्येला वाचून दाखविलें. ‘छान आहे, बाबा,’ ती म्हणाली. पण तिचा स्वर शंभरांत चाळीस गुण देणाऱ्या परीक्षकाचा होता.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं बोटीवरील वाटाड्याला आम्हीं तेंच वाक्य इंग्रजी करून सांगितलें. हा गृहस्थ त्याच बेटांतला, वयानें आमच्या बरोबरीचा. त्यानें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि आदबीनें सांगितलें कीं, त्या उतारावर तो १९९८ च्या पूर्वीं अनेकदां उतरला होता. तेव्हां तेथें हात टेकावयास रिकामा दगड सांपडत नसे. आणि आम्हीं जिला वाळू म्हटलें ती वाळू नसून मेलेल्या प्रवाळांचे तुकडे आहेत. एवढें बोलून तो टाक्या मोजावयास निघून गेला. पुढच्या सकाळीं अशाच एका उतारावर आम्हीं मुद्दाम खालीं पाहिलें. बोटांच्या पेरांएवढे पांढुरके तुकडे एकावर एक, दूरवर पडलेले. मधूनमधून नव्या प्रवाळाचे वीतभर वाढलेले झुबके. मासे पुष्कळ होते, शोभाही होती. पण आमचें वाक्य खोटें होतें.

प्रवाळ हा निर्जीव दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. ती सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या देहांत शैवालें राहतात. तीं सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला देतात, आणि प्रवाळाचा रंगही बव्हंशीं त्यांचाच असतो. उन्हाळ्यांतील नेहमींच्या कमाल उष्णतामानाहून पाणी एखादा अंश अधिक तापलें आणि कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तर हा संसार मोडतो. शैवालें बाहेर पडतात, प्रवाळ पांढरें होतें, आणि पाणी वेळेवर निवलें नाहीं तर उपासमारीनें मरतें. १९९८ सालीं मालदीवांतील उथळ पाण्यांचीं बहुतेक प्रवाळें अशीं मेलीं. तीं सावरूं लागलीं तों २०१६ सालीं पुन्हां तोच प्रसंग ओढवला. आणि २०२४ सालीं जगभर पसरलेलें असेंच चौथें संकट शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें. ज्या देशाची जमीन समुद्राहून सरासरी दीड मीटर उंच, त्याचा लाटांविरुद्धचा तट म्हणजे हींच प्रवाळें. त्यांचें मरण हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. तो तेथील माणसांच्या घरादाराचा प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, साहित्य म्हणजे शास्त्रीय अहवाल नव्हे. लेखकाला जो आनंद झाला तो त्यानें लिहिला, यांत अपराध कोणता? आक्षेप जुना आहे आणि त्यांत तथ्यही आहे. शेक्सपिअरच्या ‘टेंपेस्ट’ नाटकांत एरिअल राजपुत्राला गाऊन सांगतो कीं, तुझा बाप बुडाला आणि त्याच्या अस्थींचें पोवळें झालें. समुद्राविषयीं इतकें सुंदर गीत इंग्रजींत क्वचितच असेल, आणि तें धादांत असत्य आहे. राजा जिवंत असतो. परंतु सारे सुखरूप आहेत हें प्रेक्षकाच्या कानांवर नाटककारानें आधींच घातलेलें असतें. प्रवासवर्णनाच्या वाचकाजवळ असें दुसरें साधन नसतें. लेखक डोळ्यांनीं पाहून आला, एवढ्यावरच तो विश्वास टाकतो. म्हणून कवीला जी मुभा, ती प्रवाशाला नाहीं. आणि खरा कवि ती मुभाही जपून वापरतो. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत राम पुष्पक विमानांतून सीतेला समुद्र दाखवितो, तेथें अलंकारांना तोटा नाहीं. पण लाटेच्या वेगानें प्रवाळांच्या टोकांवर जाऊन अडकलेले शंख आणि मस्तकांतील रंध्रांतून पाणी उडविणारे तिमि हे नीट पाहणाऱ्याचे तपशील आहेत. कालिदासाची उपमा तपशिलाच्या खांद्यावर बसते. त्याची जागा बळकावीत नाहीं.

या कसोटीवर जुनें लेखन पारखून पाहावें. फ्रान्स्वा पिरार नांवाचा फ्रेंच प्रवासी १६०२ सालीं जहाज फुटून मालदीवच्या किनाऱ्याला लागला आणि १६०७ पर्यंत तेथेंच अडकून पडला. पाण्याखालीं पाहण्याचें साधन त्याच्याजवळ नव्हतें. पण त्या सक्तीच्या पांच वर्षांत तो तेथील भाषा शिकला आणि लोकांच्या रीतिभाती लिहून गेला. सात रात्रींचे आजचे पाहुणे जें लिहितात, त्यांत बेटांवरील मनुष्य बहुधा नसतोच. पुढें १८३४ ते १८३६ या काळांत, मुंबईस ठाणें असलेल्या आरमारांतील कॅप्टन मोर्स्बी यानें या बेटांची पाहणी करून नकाशे तयार केले, आणि त्यांचा आधार डार्विननें आपल्या १८४२ सालच्या प्रवाळविषयक ग्रंथांत घेतला. डार्विन मालदीवला कधींच गेला नाहीं. १८३६ सालीं त्यानें पाहिलें तें कीलिंगचें कंकणद्वीप. ज्वालामुखीचें बेट हळूहळू खचतें आणि त्याच्या कडेनें प्रवाळ वर वाढत राहतें, ही त्याची उपपत्ति. १९५२ सालीं पॅसिफिक महासागरांतील एनिवेटॉक येथें बाराशें मीटरांहून खोल छिद्र पाडल्यावर ज्वालामुखीचा खडक लागला, तेव्हां तिला भक्कम पुरावा मिळाला. काळजीपूर्वक केलेली नोंद पुढच्या अभ्यासकाच्या किती उपयोगीं पडते, हें यावरून ध्यानांत यावें.

माणसाला पाण्याखालीं मोकळेपणें हिंडतां येऊं लागलें तें कूस्तो व गान्यां यांनीं १९४३ सालीं बनविलेल्या श्वसनयंत्रामुळें. कूस्तोचा ‘मूक जग’ अशा अर्थाच्या नांवाचा चित्रपट १९५६ सालीं आला आणि कानच्या महोत्सवांतील सर्वोच्च पारितोषिक त्यास मिळालें. आज तो पाहतांना अंगावर शहारे येतात. मासे मोजण्यासाठीं हीं मंडळी प्रवाळांत सुरुंग उडवितात. व्हेलचें एक पिलूं बोटीच्या पंख्यानें जखमी होऊन मरतें, आणि त्याच्या मांसावर जमलेल्या शार्कांना खलाशी संतापानें ओढून ठार करतात. पण या चित्रपटानें हें सारें झांकलें नाहीं. म्हणूनच तो आज माणसाविरुद्धचा पुरावा म्हणून उभा आहे. हान्स हास यानें ‘झारिफा’ नांवाच्या तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर राहून १९५७-५८ मध्यें मालदीवच्या पाण्यांत संशोधन केलें. आजच्या सफरीच्या बोटींचें तें आजोबा म्हणावयास हरकत नाहीं. त्याच्या सोबतचा प्राणिशास्त्रज्ञ आयब्ल-आयबेसफेल्ट याच्या अभ्यासाचा एक विषय म्हणजे मोठ्या माशांच्या तोंडांत शिरून त्यांना स्वच्छ करणारे चिमुकले मासे, आणि त्यांचेंच रूप घेऊन गिऱ्हाइकाचा लचका तोडणारा तोतया मासा. १९९८ च्या आधींचें तें पाणी आज कोणालाही पाहतां येणार नाहीं. तें अशा लोकांच्या नोंदींतच उरलें आहे. वाचकाचा विश्वास मिळवून त्याच विश्वासाचा लचका तोडणारी आमची ‘स्वर्गाची बाग’ कोणत्या माशाच्या जातींत मोडते, हें निराळें सांगावयास नको.

दुसरा दोष भाषेचा. मराठी लेखक पाण्यांत शिरला कीं ‘शार्क’ आणि ‘रे’ यांखेरीज बोलत नाहीं. आम्हींही वर तेंच केलें आहे. आमच्या कोंकण किनाऱ्यावर शार्कला मोरी किंवा मुशी म्हणतात, आणि रे जातीच्या माशाला पाकट. हे शब्द बाजारांतले, म्हणून वर्णनांत ते नकोसे वाटतात. ज्या मालवणी घरांत मोरीचें मटण चवीनें खाल्लें जातें, तेथला लेखकही पाण्याखालीं तिला ओळख देत नाहीं. मालदीवनें २०१० सालीं शार्कची मासेमारी बंद केली. तेथें जिचें छायाचित्र घेण्यासाठीं आम्ही समुद्र ओलांडून जातों, तिचीच लहान पिलें आमच्या बाजारांत टोपलींत विकलीं जातात, हा विचार मनांत येण्यास दोन्हींकडे शब्द एक असावा लागतो. शब्द दोन झाले कीं सद्सद्विवेकाचेही दोन कप्पे होतात.

लेखकांनीं रूक्ष व्हावें, आनंद लपवावा, असें आमचें म्हणणें नाहीं. मागणी एवढीच कीं, ठिकाण, तारीख आणि खोली लिहावी. जें जिवंत होतें तें लिहावें आणि जें मेलें होतें तेंही लिहावें. आणि आपल्या आधीं तेथें उतरलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारावे. प्रत्येक पिढी आपल्या पहिल्या दर्शनालाच मूळचें समजते. आम्हांला तो उतार पूर्ण वाटला. उद्यां आणखी उजाड झालेला तोच उतार दुसऱ्या कोणास पूर्ण वाटेल. लेखणीनें हा क्षय थांबत नाहीं, पण त्याचा हिशेब राहतो. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हांपासून मराठींत त्याला जें स्थान आहे तें विशेषणांमुळें नव्हे. झाशींत काय होतें आणि काय गेलें, हें डोळ्यांनीं पाहिलेल्या माणसाची ती साक्ष आहे.

रोजनिशींतील तें वाक्य आम्हीं खोडलें नाहीं. खोडलें असतें तर आमची चूकही नाहींशी झाली असती. त्याखालीं तारीख, खोली आणि वाटाड्याचें म्हणणें लिहून ठेवलें. कन्येनें दोन्ही मजकूर वाचले आणि खालच्या मजकुरांत एक दुरुस्ती केली: खोली आम्हीं बारा मीटर लिहिली होती, ती तिच्या घड्याळांत चौदा निघाली.