‘द सी वुल्व्ज’ : गोव्यात घडलेला, पण गोवेकरांवाचूनचा चित्रपट

हेरपटाचे आयुष्य बहुधा अल्पच असते. ज्या शत्रूच्या भयावर तो उभा असतो तो शत्रू काळाच्या ओघात मित्र होतो, ज्या यंत्रांचे कौतुक तो करतो ती यंत्रे भंगारात जातात, आणि ज्या रहस्यासाठी प्रेक्षकाने श्वास रोखून धरलेला असतो ते पुढे शाळेच्या पुस्तकातही येऊन बसते. असे असूनही काही हेरपट पुनःपुन्हा पाहावेसे वाटतात. १९८० साली प्रदर्शित झालेला ‘द सी वुल्व्ज’ हा अशांपैकी एक. त्याची कथा लंडन वा बर्लिनमध्ये घडत नाही. ती आपल्या शेजारी, गोव्याच्या मुरगाव बंदरात घडते. म्हणूनच चाळीसहून अधिक वर्षांनंतर तो कितपत टिकला, याचा विचार आपण करावयास हवा.

प्रथम इतिहास पाहू. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू होताच ‘एरेनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ आणि ‘ब्राउनफेल्स’ ही तीन जर्मन व्यापारी जहाजे मुरगावच्या आश्रयास आली. पुढे ‘अंफोरा’ हे इटालियन जहाजही तेथेच अडकले. गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता व पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता. त्यामुळे ब्रिटिशांना त्या बंदरात उघडपणे सैन्य उतरवता येईना. ‘एरेनफेल्स’वरील गुप्त बिनतारी यंत्रावरून मित्रराष्ट्रांच्या जहाजांची माहिती जर्मन पाणबुड्यांना पुरवली जाते, असा ब्रिटिश गुप्तहेरांचा संशय होता. अखेर हे काम ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी घोडदळावर सोपवण्यात आले. चहाचे व्यापारी, कंपन्यांतील अधिकारी, हिशेबनीस अशी ही वयस्क मंडळी. त्यांच्या पलटणीने बोअर युद्धानंतर रणांगण पाहिले नव्हते. कोचीनपर्यंत रेल्वेने आणि तेथून ‘फीबी’ नावाच्या एका जुनाट गाळवाहू नौकेतून ती मुरगावला पोहोचली. ९ मार्च १९४३ रोजी त्यांनी ‘एरेनफेल्स’वर हल्ला चढवला. ते जहाज बुडाले, आणि ते पाहून उरलेल्या तिन्ही जहाजांच्या खलाशांनी आपली जहाजे स्वतःच नष्ट केली. या कामगिरीबद्दल कोणासही पदक मिळाले नाही. १९७८ साली जेम्स लीसर यांचे ‘बोर्डिंग पार्टी’ हे पुस्तक निघेपर्यंत ती जगापुढे आलीच नाही.

याच पुस्तकावरून अँड्र्यू मॅकलॅग्लेन यांनी चित्रपट बेतला. ग्रेगरी पेक, डेव्हिड निवेन आणि रॉजर मूर हे तीन मातब्बर नट त्यात आहेत. पेक आणि निवेन १९६१ च्या ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’मध्येही एकत्र होते, तर मूर त्या काळी जेम्स बाँड म्हणून घराघरांत ओळखला जात होता. साहजिकच प्रथम प्रदर्शनाच्या वेळी प्रेक्षक धडाडीच्या अपेक्षेने गेला असणार. आज मात्र चित्रपटातील धडाडीचा भागच सर्वांत जुना वाटतो. स्फोट, गोळीबार, जहाजावरील धावपळ हे सारे आपण याहून कितीतरी सफाईने अन्यत्र पाहिले आहे.

टिकले आहे ते वेगळेच. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील माणसे पुन्हा एकदा उपयोगी पडण्यासाठी पुढे सरसावतात, पोट आत ओढून कवायत करतात, दम लागला तरी तो लपवतात, हे दृश्य आजही मनाला भिडते. चित्रीकरणाच्या वेळी निवेन सत्तरीला टेकलेला होता. त्याच्या चेहऱ्यावरील थकवा हा अभिनय की वास्तव, असा प्रश्न पडतो, आणि त्या संभ्रमातच त्या भूमिकेचे सौंदर्य आहे. पेकच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. त्याने रंगवलेला लुईस प्यू हा अधिकारी प्रत्यक्षात तेव्हा चाळिशीच्याही आतला होता. साठी ओलांडलेल्या अमेरिकन नटाला तो इंग्रजी बाणा पेलत नाही. तरीही ज्याला कोणी शाबासकी देणार नाही असे कर्तव्य मुकाट्याने करणारी माणसे हा चित्रपटाचा गाभा आहे, आणि तो शिळा झालेला नाही.

मूरच्या वाट्याला आलेले प्रेमप्रकरण मात्र पूर्णतः शिळे झाले आहे. मिसेस क्रॉमवेल ही रूपवती स्त्री शत्रूचीच हेर असते. ही पटकथेने घातलेली भर आहे आणि ती बाँडपटांतून उसनी आणलेली आहे. रंगभरल्या मेजवान्या आणि चंद्रप्रकाशातील संवाद यांमुळे मूळ घटनेचा साधेपणा झाकोळतो. खऱ्या इतिहासात पुरेसे नाट्य असताना त्यावर असा मुलामा कशासाठी?

याहून गंभीर आक्षेप गोव्याविषयी आहे. चित्रपट गोव्यात चित्रित झाला. त्यातील समुद्र, माड, जुन्या वास्तू डोळ्यांचे पारणे फेडतात. परंतु या साऱ्यात गोवेकर कोठे आहे? तो गाडी हाकतो, पेय आणून देतो, गर्दीत उभा राहतो. त्याला नाव नाही, घर नाही, मत नाही. हल्ल्याच्या रात्री खलाशांना जहाजांपासून दूर ठेवण्यासाठी वेश्यागृहाची दारे त्यांना फुकट खुली करण्याची युक्ती योजली जाते; पडद्यावर तिचा विनोद होतो. त्या घरातील स्त्रिया कोण होत्या, त्या रात्रीची किंमत त्यांनी कशी मोजली, हा प्रश्न दिग्दर्शकाला पडत नाही. १९८० साली प्रेक्षक येथे हसला असेल. आज कुटुंबासमवेत हा प्रसंग पाहताना हसू ओठांवरच थिजते, आणि ते तसे थिजावे हे काळाने केलेले योग्यच परीक्षण होय.

येथे एक तारीख लक्षात घेण्याजोगी आहे. १९४३ साली ईस्टर २५ एप्रिलला, म्हणजे शक्य तितक्या उशिरा आला होता. त्यामुळे राखेचा बुधवार १० मार्चला होता. हल्ला झाला तो इंत्रुजाच्या अखेरच्या दिवसांत. एकीकडे गावागावांत उत्सवाची शेवटची धामधूम, दुसरीकडे बंदरात जळणारी जहाजे, आणि लगोलग कपाळावरील राख! गोव्याच्या जनजीवनाकडे ज्याची दृष्टी आहे अशा कलावंताला या योगातून केवढे तरी सुचले असते. इंग्रज नजरेला मात्र इंत्रूज म्हणजे केवळ सोयीस्कर गोंगाट.

हीच गोष्ट जर्मन खलाशांची. ते मूळचे व्यापारी जहाजांवरील नोकरदार. साडेतीन वर्षे परक्या बंदरात अडकून पडलेले. त्यांच्यापैकी काही त्या रात्री प्राणास मुकले. चित्रपट त्यांना बंदुकीच्या टप्प्यात येणाऱ्या आकृत्यांपलीकडे काही मानीत नाही. आमच्या निघोजे परिसरात २००९ पासून फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा मोटारींचा कारखाना आहे. येथील कित्येक तरुण जर्मन यंत्रांवर काम शिकले. त्यांच्या पिढीला जर्मन माणूस म्हणजे शत्रू हे समीकरण सांगूनही उमगायचे नाही. युद्धपट पाहताना तिला पहिला प्रश्न पडतो तो असा की, हे मारले गेलेले लोक कोण होते? हा प्रश्न चित्रपटापेक्षा मोठा आहे, आणि त्याचे उत्तर चित्रपटाजवळ नाही.

तटस्थ भूमीवर चोरपावलांनी हल्ला करणे न्याय्य होते काय, या प्रश्नालाही तो ओझरता स्पर्शच करतो. त्याच १९४३ साली ऑगस्ट महिन्यात पोर्तुगालने जुन्या मैत्रीच्या तहाला स्मरून अझोर्स बेटांवरील तळ ब्रिटनला वापरू दिले. म्हणजे पोर्तुगालची तटस्थता वाटते तितकी ताठ नव्हती. सागरी युद्धाचे यशापयशही अनेक कारणांवर अवलंबून असते. एका जहाजाच्या नाशाने पारडे फिरले, ही पडद्याची भाषा झाली. साधन आणि साध्य यांचा हा पेच प्रामाणिकपणे मांडला असता तर चित्रपटाची उंची वाढली असती.

तुलनेसाठी दोन भारतीय चित्रपट घेऊ. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘सात हिंदुस्तानी’त (१९६९) वेगवेगळ्या प्रांतांतील तरुण गोव्यात शिरून तिरंगा फडकवतात. तेथेही छुपा प्रवेश आणि जिवावरचे धाडस आहे. त्याची रचना भाबडी आहे, तंत्र तोकडे आहे. पण त्यातील मारिया ही गोव्याची कन्या त्या लढ्याची भागीदार आहे. श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’मध्ये (१९८५) तर हेर नाहीत की हल्ला नाही, १९६१ सालच्या उंबरठ्यावरील एक ख्रिस्ती घराणे आहे. सत्ता बदलताना घराच्या भिंतींना काय ऐकू येते, ते तो दाखवतो. ‘सी वुल्व्ज’जवळ पैसा, नट आणि सत्यघटना हे तिन्ही असूनही या दोहोंकडे जे आहे, म्हणजे त्या मातीतील माणसांची ओळख, ती त्याच्याजवळ नाही.

मग हा चित्रपट पाहावा की न पाहावा? अवश्य पाहावा. निवेनच्या थकलेल्या डोळ्यांसाठी पाहावा, पदकाची अपेक्षा न धरता उठून उभे राहणाऱ्या उतारवयातील माणसांसाठी पाहावा, आणि पर्यटनाच्या लाटेपूर्वीचा गोव्याचा किनारा डोळे भरून पाहण्यासाठीही पाहावा. घरातील मुलांबरोबर पाहणाऱ्या पालकांनी मात्र वेश्यागृहाच्या प्रसंगापाशी थोडे थांबावे आणि जे दाखवलेले नाही त्याविषयी बोलावे. मुरगावची ती रात्र ब्रिटिशांनी लिहिली आणि ब्रिटिशांनीच चित्रित केली. किनाऱ्यावरून त्या ज्वाळा पाहणाऱ्या गोवेकरांच्या बाजूने ती अजून कोणी सांगितलेली नाही, असे निदान पडद्यापुरते तरी म्हणावे लागते. ते काम कोकणी वा मराठी बोलणाऱ्या एखाद्या लेखकाची वाट पाहत आहे.