पकडण्याची गोष्ट की सोडण्याची?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत हैदराबादला लेकीकडे पंधरा दिवस मुक्काम होता. आठ वर्षांचा नातू माझ्याशी मराठीत बोलतो, शेजारच्या मित्राशी तेलुगूत, आणि दोघे मिळून ‘पोकेमॉन’ पाहतात ते हिंदीत! मास्तरकीच्या सवयीने मी नाक मुरडले. वीसेक वर्षांपूर्वी वेफर्सच्या पुडीतून निघणाऱ्या याच प्राण्यांच्या चकत्या मी वर्गात जप्त करीत असे. गोळा करा, आणखी गोळा करा, असे सांगणारी मालिका मुलांना हाव सोडून दुसरे काय शिकविणार, असे माझे मत होते. ते मालिका न पाहताच बनविले होते, हे कबूल करतो.

मूळ कल्पना जपानच्या सातोशी ताजिरी यांची. टोकियोच्या माचिदा भागात लहानपणी त्यांना किडे पकडण्याचा नाद होता. पुढे शहर वाढले, शेततळी बुजली. तो हरवलेला आनंद मुलांना परत मिळावा म्हणून त्यांनी रचलेला खेळ १९९६ साली आला आणि १ एप्रिल १९९७ पासून मालिका. आपल्याकडे ती २००३ पासून दिसू लागली. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून गावभर हिंडलेल्या आपल्या पिढीला ही ओढ समजावून सांगावी लागू नये.

दहा वर्षांचा ॲश प्राणी पकडून पोकेबॉलमध्ये ठेवण्यासाठी घराबाहेर पडतो. पण त्याचा पहिलाच सोबती पिकाचू बॉलमध्ये शिरायला साफ नकार देतो. चिडलेल्या पाखरांचा थवा अंगावर येतो तेव्हा ॲश जखमी पिकाचूपुढे स्वतः उभा राहतो, आणि मगच त्या हट्टी जिवाचे मन वळते. पकडून मैत्री होत नाही, हे मालिका पहिल्याच भागात सांगून मोकळी होते.

याहून सरस भाग बटरफ्रीचा. ॲशने स्वतः पकडलेला पहिला जीव म्हणजे एक अळी. तिचा कोश होतो, कोशाचे फुलपाखरू. समुद्रापार निघालेल्या आपल्या जातीच्या थव्यात त्याला जोडीदारीण भेटते आणि ॲश डोळ्यांत पाणी आणून त्याला सोडून देतो. नातवाला विचारले, “तू सोडलं असतंस का रे?” म्हणाला, “आजोबा, त्याला जायचंच होतं ना.” यावर मी काय बोलणार?

दोष आहेतच. टीम रॉकेटची तीच ती फजिती किती वेळा पाहावी? आणि ज्याला मित्र म्हणायचे त्यालाच आपल्या नावासाठी झुंजीत उतरवायचे, ही विसंगती शेवटपर्यंत सुटत नाही. कथा सोडायला शिकविते, तिच्या नावाने चालणारा बाजार मात्र जमवायला लावतो.

तरीही एक गोष्ट मुख्याध्यापक म्हणून मला मोलाची वाटते. ॲश हरतो, पुन्हा पुन्हा हरतो. मालिकेतील पहिली मोठी लीग, अलोलाची, तो जिंकला २०१९ साली; म्हणजे बावीस वर्षांनी! याच हैदराबादेत राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्डने घडविलेला, २००८ पासून घरोघरी पोचलेला ‘छोटा भीम’ आपला आहे, लाघवी आहे. पण लाडू खाल्ला की त्याचा विजय ठरलेला. टक्क्यांच्या शर्यतीत दमलेल्या आपल्या मुलांना हरूनही दुसऱ्या दिवशी वाट धरणारा नायक अधिक जवळचा वाटला, तर नवल नाही.

तेव्हा पालकांनी ही मालिका बंद करण्याची घाई करू नये. एखादा भाग मुलांबरोबर बसून पाहावा आणि नंतर त्यावर मराठीत बोलावे. हिंदीत पाहिलेली गोष्ट नातवाने मला मराठीत सांगितली, तेव्हा ‘कोश’ हा शब्द त्याला मिळाला.

त्या जप्त केलेल्या चकत्या अजून माझ्या कपाटात एका डब्यात आहेत. वर्षाअखेरीस परत देईन म्हणालो होतो. त्या तेवढ्या जमविल्या मी, आणि सोडायच्या राहून गेल्या.