हट्टी म्हणविलेल्या मुलांचा ग्रंथ

काही ग्रंथांचे असे होते, की त्यांतील सिद्धान्तावर वाद चालू राहतात, परंतु त्यांतील निरीक्षण वाचकाच्या नजरेत कायमचे उतरते. ए. जीन एअर्स (१९२०–१९८८) यांचा ‘सेन्सरी इंटिग्रेशन अँड द चाइल्ड’ हा १९७९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्या जातीचा आहे. लेखिका कॅलिफोर्नियातील. शिक्षणाने त्या व्यवसायोपचारतज्ज्ञ. पुढे शैक्षणिक मानसशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १९७२ साली त्यांनी याच विषयावर तज्ज्ञांसाठी एक जड ग्रंथ लिहिला होता. सात वर्षांनी तोच विषय त्यांनी आईबापांना उमगेल अशा भाषेत मांडला. २००५ साली या दुसऱ्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली आणि आजही जगभरच्या उपचारकेंद्रांतून त्याचे नाव घेतले जाते.

पाच ज्ञानेंद्रिये आपण शाळेत पाठ केलेली असतात. लेखिका आणखी दोन संवेदनांकडे आपले लक्ष वेधते. एक, अंतर्कर्णातून येणारी तोलाची व गतीची संवेदना. दुसरी, स्नायू व सांधे यांच्याकडून येणारी, आपले हातपाय कोठे आहेत हे न पाहता कळविणारी. वीज गेली असता अंधारातही घास नेमका तोंडात जातो, तो हिच्या जोरावर. या सर्व संवेदनांची सांगड मेंदू क्षणोक्षणी घालीत असतो, आणि ती इतकी बिनबोभाट घातली जाते की आपल्याला तिची जाणीवही नसते. काही बालकांच्या बाबतीत मात्र ती नीट बसत नाही, हे लेखिकेचे मूळ प्रतिपादन.

ग्रंथाचे खरे सामर्थ्य येथून पुढे दिसते. सदऱ्याच्या गळपट्टीचे लेबल टोचते म्हणून अंगातले कपडे ओरबाडून काढणारे मूल. पेन्सिल एवढी दाबून धरणारे, की कागद फाटावा. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थिजून उभे राहणारे मूल. मामाने कौतुकाने उचलून वर उडविले की सारे घर हसते आणि हे मूल किंचाळते. पाय जमिनीवरून सुटले की ज्याला आपण कोसळतो आहोत असेच वाटते, त्याच्या भयाला एअर्सनी गुरुत्वाकर्षणाविषयीची असुरक्षितता असे नाव दिले. शब्द बोजड आहे. परंतु आपल्या घरांतून अशा मुलांसाठी जे शब्द वापरले जातात ते आठवून पाहावेत. हट्टी, भित्रा, धांदरट, लाडावलेला. हे सारे शब्द स्वभावावर बोट ठेवतात आणि शिक्षेची वाट मोकळी करतात. लेखिकेचा शब्द मुलाच्या पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवितो. मिस्साच्या वेळी ध्वनिक्षेपक कर्कशला की कानांवर हात घट्ट धरणारे एखादे मूल बहुतेक धर्मग्रामांत असते. त्याच्या आईकडे वळणाऱ्या नजराही असतात. त्या नजरांसाठी तरी या ग्रंथाची पहिली प्रकरणे मराठीत यावयास हवीत.

उपचाराचे वर्णनही वाचनीय आहे. छताला टांगलेला गुबगुबीत झोपाळा, उतरती फळी, आणि चार चाके लावलेला पाट, ज्यावर पालथे पडून मूल उतारावरून घरंगळत येते. पाहणाऱ्याला हा निव्वळ खेळ वाटावा. परंतु पालथे पडून मान वर धरताना तोल, स्नायू आणि दृष्टी यांना एकत्र काम करावे लागते. उपचारतज्ज्ञाने मुलाला ढकलावयाचे नाही; त्याला जमेल न जमेल अशा सीमेवरचे काम समोर मांडावयाचे आणि पुढाकार त्याच्यावर सोडावयाचा, ही लेखिकेची शिस्त. मुलाच्या आतल्या ओढीवर इतका विश्वास टाकणारे लेखन विरळाच आढळते.

माझा आक्षेप लेखिकेच्या उपमांवर आहे. मेंदूतील गोंधळाला ती रस्त्यावरच्या वाहतुकीच्या खोळंब्याची उपमा देते आणि संवेदनांना मेंदूचे अन्न म्हणते. समजावून देण्यापुरत्या या उपमा उत्तम आहेत. पण उपमा हळूहळू प्रमाणाच्या जागी येऊन बसते. खोळंबा म्हटला की तो मोकळा करता येतो, हे ओघानेच आले. अन्न म्हटले की ते पुरेसे दिले असता अशक्त मूल बाळसे धरणारच. लेखिकेने जे गृहीतक म्हणून मांडले, ते पुढच्या काळात अनेकांनी हमी म्हणून विकले. वजनदार जाकिटे, अंगावर फिरवावयाचे ब्रश, महिनोन्‌महिन्यांची सत्रे, सारे त्याच उपमांच्या आधारावर.

पुरावा काय सांगतो? २०१२ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने आपल्या सभासदांना सांगितले, की संवेदनप्रक्रियेतील दोष हे स्वतंत्र निदान म्हणून सहसा वापरू नये आणि या उपचाराविषयीचे संशोधन मर्यादित व अनिर्णीत आहे, याची कल्पना पालकांना द्यावी. २०१३ च्या अमेरिकन मनोविकार सूचीत संवेदनांच्या कमी-अधिक तीव्र प्रतिक्रियांना स्वमग्नतेच्या लक्षणांत स्थान मिळाले, वेगळा विकार म्हणून नाही. २०१४ साली ३२ स्वमग्न मुलांवरील एका लहान चाचणीत मुलांनी त्यांच्यासाठी आखलेली उद्दिष्टे अधिक गाठली. मात्र २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, वेल्स व इंग्लंडमधील १३८ मुलांच्या मोठ्या चाचणीत चिडचिड व अस्वस्थता कमी होण्याच्या बाबतीत हा उपचार नेहमीच्या सेवेपेक्षा सरस ठरला नाही. म्हणजे मुलाचा त्रास खरा आहे, याविषयी दुमत राहिलेले नाही. औषध किती लागू पडते, हा प्रश्न उघडा आहे.

हा भेद पुस्तकी नाही. दोष आईबापांचा नव्हे, असा दिलासा हा ग्रंथ देतो आणि तो खराच मोलाचा आहे. परंतु उपचाराचे फळ निश्चित मानले, की फळ न दिसल्यास पुन्हा आईच अपराधी ठरते: सत्रे कमी पडली, घरी झोके कमी दिले. ‘फादर, अजून एक वर्ष पाठवू का?’ असा प्रश्न विचारणाऱ्या मातेच्या हातात कर्जाची पावती असू शकते. वर उल्लेखिलेल्या अकादमीचाच सल्ला मला अधिक माणुसकीचा वाटतो: उद्दिष्ट आधी ठरवावे, मुदत आखावी, घरी साधी नोंदवही ठेवावी. सदऱ्याची बटणे लावता येऊ लागली का? शाळेच्या घंटेला पूर्वीइतकेच रडतो का? लेखिकेने पालकांनी काय करावे यावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले, पण थांबावे केव्हा, हे त्यात हवे तितके स्पष्ट नाही. उणीव मोठी आहे. लेबल कापून टाकावयास आणि मूल घाबरते तेथे त्याला न उचलावयास मात्र कोणत्याही चाचणीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

एअर्स यांच्या मृत्यूनंतर, २००४ साली, ‘लव्ह, जीन’ हे छोटे पुस्तक निघाले. फिलिप या आपल्या भाच्याला त्यांनी लिहिलेली पत्रे त्यात आहेत. त्यालाही याच अडचणी होत्या. मोठ्या ग्रंथासोबत ते अवश्य वाचावे. माझ्या मते लेखिका म्हणून एअर्स तेथेच अधिक मोठ्या आहेत. सिद्धान्त तोच, पण पलीकडे साधारण ‘बालक’ नसून नावगावाचा एक मुलगा आहे. तुला जे जड जाते ते का जड जाते, हे त्या त्याला समजावून सांगतात, आणि खाली मावशीच्या मायेने सही करतात.