‘झुंड’: पासपोर्टचा सामना

‘झुंड’ फुटबॉलचा चित्रपट म्हणून बघायला बसलं, की मध्यंतरानंतर पंचाईत होते. झोपडपट्टीची पोरं विरुद्ध कॉलेजचा संघ हा सामना दुसऱ्या कुणी शेवटासाठी राखून ठेवला असता. नागराज मंजुळे तो अर्ध्यातच खेळवून मोकळे होतात. पुढे उरतो पासपोर्ट.

२०२२ साली आलेल्या या हिंदी चित्रपटामागे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे आणि त्यांनी २००१मध्ये सुरू केलेलं झोपडपट्टी फुटबॉल आहे. त्यांच्यावर बेतलेले बोराडे सर म्हणजे अमिताभ बच्चन. पोरं मात्र बरीचशी नागपूरच्या वस्त्यांतलीच; त्यांचं ‘बे’ न् ‘भाऊ’ ऐकलं की आपण वैदर्भीय माणसं सैलावतो.

मला सगळ्यात भावतो तो मोनिकाचा भाग. रिंकू राजगुरू इथे ‘सैराट’मधली तडफदार आर्ची नाही. परदेशातल्या स्पर्धेसाठी तिची निवड झालीय, पण पासपोर्टसाठी ती कोण हे सांगणारा कागद नाही. मग बापलेक या दारातून त्या दारात. प्रेक्षक कंटाळेल इतका वेळ मंजुळे या खेपांना देतात, आणि तो कंटाळा हेच प्रसंगाचं मर्म. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा, झरी-जामणीकडच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, कोलाम आदिवासींना हे समजावून सांगायला नको. दाखल्यासाठी जुना पुरावा, पुराव्यासाठी तलाठी, आणि तलाठी भेटला तर साहेब दौऱ्यावर!

खेळायला आधी मैदानापर्यंतची वाट मोकळी लागते. आइसलंडची लोकसंख्या यवतमाळ जिल्ह्याच्या आठव्या हिश्शाइतकीही नव्हती, तेव्हा, २०१६च्या युरो स्पर्धेत, त्यांनी इंग्लंडला २-१ असं हरवलं. त्यामागे गावोगावचे क्लब होते, कडाक्याच्या थंडीतही खेळता येईल अशी छताखालची मैदानं होती. ‘झुंड’मध्ये वस्ती आणि मैदान यांच्यामध्ये भिंत आहे. चेंडू आणण्याआधी ती ओलांडावी लागते.

कोर्टातलं बोराडे सरांचं भाषण मला खटकतं. मोनिकाच्या खेपांनी जे न बोलता पोचवलं, तेच तिथे उलगडून सांगितलंय. त्यापेक्षा विमानतळावरची झडती कितीतरी सरस. संघातला डॉन पुढे होतो, यंत्र वाजतं, पुन्हा वाजतं. हसू येतं आणि पोटात गोळाही. परदेशातली स्पर्धा मंजुळे दाखवतच नाहीत, आणि तिकडे काय निकाल लागला हे विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही.