६१७४ चा प्रोग्राम चालला, पुढे काय?

डहाणूत १९०५ साली जन्मलेले द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. ६१७४ ही त्यांची संख्या. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर हेच करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच.

पायथन शिकताना बरेच जण हा प्रोग्राम लिहितात. मीही मुलुंड लोकलमध्ये बसून लिहिला. माझ्या प्रोग्रामने सांगितलं, १००० ते ९९९९ मधल्या ७७ संख्या शून्यावर जातात! ११११, २२२२ अशा ९ तर जाणारच. उरलेल्या ६८ चं काय? क्षणभर वाटलं, कापरेकर चुकले. चूक माझीच होती. २१११ वजा १११२ म्हणजे ०९९९. प्रोग्रामने पुढचं शून्य टाकून दिलं, ९९९ मधून ९९९ गेले, शून्य उरलं.

शून्य जपलं आणि सगळं जुळलं. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि माझा आक्षेप इथेच आहे. संख्या मर्यादित आहेत, त्यामुळे सगळ्या तपासणं ही सिद्धता आहेच. पण त्यातून 'का' कळत नाही.

आता कागद घ्या. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असतील तर वजाबाकी येते ९९९(अ−ड) + ९०(ब−क). म्हणजे मूळ संख्या महत्त्वाची नाही, फक्त हे दोन फरक. पहिला १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. अशा जोड्या फक्त ५४! हजारो संख्यांचं काम एका संध्याकाळी हाताने होतं. कापरेकरांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत हे मांडलं, तेव्हा त्यांच्या हाताशी संगणक कुठे होता?

आणि खरा प्रश्न यापुढचा. तीन अंकांना ४९५ मिळते. दोन अंकांना मात्र अशी एक संख्या मिळतच नाही: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९. असं का?

पीएचडीच्या मुलाखतीला जाताना छंदाचा प्रोग्राम जरूर दाखवा. पण सोबत हा कागदही न्या. 'का?' हा प्रश्न तिथे विचारतातच.