अराजकतावाद : अनागोंदी की अनुशासन?
(अहिल्यानगर जिल्ह्यातील ग्रामव्यवस्थांच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रस्तावना

मराठीत 'अराजक' हा शब्द तक्रारीचा आहे. शहरात दंगल उसळली, विधिमंडळात गोंधळ झाला, परीक्षांचे वेळापत्रक कोलमडले की 'अराजक माजले' असे म्हटले जाते. याच शब्दाला पुढे 'वाद' हे पद जोडून पाश्चात्त्य राजकीय विचारातील एका शाखेचे नामकरण झाले आणि त्या शाखेचा निकाल तिच्या नावातच लागून गेला. 'अराजकतावाद' म्हणजे गोंधळ हवा असे म्हणणाऱ्यांचे मत, अशी समजूत राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांतही आढळते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'शासकाविना' एवढाच आहे. 'नियमाविना' असा नाही. प्रुदाँने १८४० मध्ये स्वतःला अराजकतावादी म्हणवून घेतले, तेव्हा समाजाला व्यवस्था हवीच आहे, मात्र ती वरून लादलेली नको, असे त्याचे म्हणणे होते. दहाच वर्षांनी, १८५० मध्ये, बेलगारिग या फ्रेंच लेखकाने आपल्या नियतकालिकाला 'अराजक' हे नाव दिले आणि त्याखाली 'सुव्यवस्थेचे नियतकालिक' असे उपशीर्षक जोडले.

प्रस्तुत लेखात या वादाची तपासणी युरोपीय ग्रंथांच्या आधारे न करता अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या दोन गावांच्या आधारे केली आहे. ही गावे स्वतःला अराजकतावादी म्हणवीत नाहीत, आणि तसे म्हटलेले त्यांना रुचणारही नाही. तथापि पोलीस, न्यायालय व शासकीय आदेश यांच्या आधाराविना गाव नियम करू शकते काय आणि ते पाळू शकते काय, हा अराजकतावादाचा मूळ प्रश्न या दोन गावांत प्रत्यक्ष उभा राहिला आहे.

शब्दाचा इतिहास

या शब्दाची बदनामी इंग्रजी अमलाच्या आधीची आहे. महाभारताच्या शांतिपर्वात दोन चित्रे जवळजवळ ठेवलेली आहेत. युधिष्ठिराला राज्यसंस्थेची उत्पत्ती सांगताना भीष्म प्रथम असा काळ वर्णितात की ज्यात राज्य नव्हते, राजा नव्हता, दंड नव्हता आणि दंड देणाराही नव्हता. लोक धर्मानेच परस्परांचे रक्षण करीत. त्याच पर्वात थोडे पुढे राजाविना देशाचे वर्णन येते. तेथे मात्र मोठा मासा लहान माशाला गिळावा तसा बलवान दुर्बलाला गिळतो. 'अराजक' हा शब्द चिकटला तो या दुसऱ्या चित्राला. पहिल्या चित्राला नावच मिळाले नाही. परंपरेने शासकरहित सुव्यवस्थेची कल्पना केली, पण तिला कृतयुगात नेऊन ठेवले. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण पुढे विनोबांना नवा शब्द घडवावा लागला तो याच उणिवेमुळे.

इंग्रजी अमलात या शब्दात बॉम्बगोळ्याची भर पडली. रौलट कायदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९१९ च्या कायद्याच्या अधिकृत नावातच 'अराजकी व क्रांतिकारक गुन्हे' असे शब्द होते. त्याआधीचा रौलट समितीचा १९१८ चा अहवाल सुरू होतो तो मुंबई प्रांतापासून : गणेशोत्सव, शिवजयंती आणि १८९७ मधील चापेकर बंधूंनी केलेला रँडचा वध. वस्तुतः चापेकरांना राज्यसंस्था नष्ट करायची नव्हती. त्यांना परक्यांचे राज्य नको होते. ज्यांना स्वराज्य, म्हणजे स्वतःचे राज्यच हवे होते त्यांच्यावर राज्यच नको असणाऱ्यांचे नाव लावले गेले. वसाहतकालीन पोलिसी परिभाषेने मराठी राजकीय शब्दसंग्रहावर केलेला हा परिणाम अद्याप पुरेसा अभ्यासला गेलेला नाही.

या पार्श्वभूमीवर ६ फेब्रुवारी १९१६ रोजी काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधींनी आपणही अराजकतावादीच आहोत, पण निराळ्या प्रकारचे, असे सांगितले. व्यासपीठावरील संस्थानिक उठून गेले. त्या भाषणाचे वृत्त वाचून काशीत शिकणारा विनायक भावे हा तरुण गांधींकडे ओढला गेला आणि त्याच वर्षी जूनमध्ये कोचरब आश्रमात दाखल झाला. महाराष्ट्रातील अराजकतावादाची विधायक परंपरा सुरू होते ती येथून.

शासन आणि अनुशासन

विनोबांनी 'स्वराज्यशास्त्र' या छोट्या पुस्तकात सत्ता एकाची, काहींची की सर्वांची, अशी मांडणी करून राज्यशास्त्राचा पाया अहिंसेवर रचण्याचा प्रयत्न केला. १९५१ मध्ये सुरू झालेल्या भूदान चळवळीच्या काळात त्यांनी 'शासनमुक्ती' हा शब्द रूढ केला. शासनहीन समाज आणि शासनमुक्त समाज यांत त्यांनी भेद केला. पहिल्यात व्यवस्था नसते. दुसऱ्यात ती इतकी अंगवळणी पडलेली असते की दंडाची गरज उरत नाही. 'राजनीती'ला त्यांनी 'लोकनीती' हा पर्याय दिला. शब्दांच्या बाबतीत विनोबांइतका दक्ष राजकीय विचारवंत मराठीत विरळा.

परंतु शब्दांची ही दक्षताच १९७५ मध्ये त्यांना महागात पडली. आणीबाणी जाहीर झाली तेव्हा पवनार आश्रमात त्यांचे वर्षभराचे मौन चालू होते. त्या काळात त्यांच्याकडून आलेला 'अनुशासनपर्व' हा शब्द शासनाने उचलला आणि आणीबाणीच्या समर्थनार्थ सर्वत्र वापरला. मौन संपल्यावर विनोबांनी खुलासा केला, की शासन सत्ताधाऱ्यांचे असते, अनुशासन आचार्यांचे असते; आणि त्यासाठी जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलनही झाले. खुलासा व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष होता. राजकीय दृष्ट्या त्याला फार उशीर झाला होता. येथे विनोबांवर ढोंगाचा आरोप करण्याचे कारण नाही. अडचण त्यांच्या सिद्धान्तातच होती. शासन गेल्यावर अनुशासन कोणाचे, या प्रश्नाला 'आचार्यांचे' असे उत्तर दिले की शासक दाराबाहेर जातो. पण त्याच्या जागी जो येतो त्याला 'नाही' कसे म्हणायचे, याची तरतूद राहत नाही.

राळेगणसिद्धी : दंड कोणाच्या हाती?

योगायोग असा की त्याच १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातील नोकरी संपवून पारनेर तालुक्यातील आपल्या गावी परतले. पर्जन्यछायेतील दुष्काळी गाव, दारूच्या भट्ट्या, मोडकळीला आलेले मंदिर. मंदिराच्या जीर्णोद्धारापासून काम सुरू झाले. पुढे नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री राज्यभर परिचित झाली. नालाबांध, पाझर तलाव व चर यांमुळे पाणी वाढले, शेती सुधारली. हे यश निर्विवाद आहे.

या पंचसूत्रीतील चार सूत्रे 'बंदी'ची आहेत, ही बाब मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. व्यवस्था होतीच, किंबहुना आसपासच्या गावांहून अधिक होती. पण ती शासकाविना होती काय? ताकीद देऊनही दारू न सोडणाऱ्यांना खांबाला बांधून फटके देण्यात आले, हे हजारे यांनीही लपवलेले नाही. आईने मुलाला द्यावी तशी ती शिक्षा होती, अशा आशयाचे समर्थन केले गेले. पर्यावरणाच्या राजकारणाचे अभ्यासक मुकुल शर्मा यांनी राळेगणच्या व्यवस्थेत नैतिक अधिकार आणि आज्ञापालन यांना असलेले मध्यवर्ती स्थान व त्या व्यवस्थेत दलितांवर पडणारा अनुकरणाचा दाब दाखवून दिला आहे. पोलीस ठाण्यात झालेल्या मारहाणीविरुद्ध निदान कागदोपत्री दाद मागता येते. मंदिरासमोरच्या खांबाशी झालेल्या मारहाणीविरुद्ध दाद कोणाकडे मागावी? २०११ च्या लोकपाल आंदोलनात हजारे यांच्यावर संसदेला न जुमानणारे अराजक पसरवीत असल्याची टीका झाली. टीकेचा रोख चुकला होता. त्यांच्या कार्यपद्धतीतील शंकास्पद भाग अराजकाचा नव्हता, अधिकाराचा होता.

हिवरे बाजार : नियम आणि पाणी

नगर तालुक्यातील हिवरे बाजारची प्रेरणा राळेगणचीच. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. दारू, स्थलांतर व पाणीटंचाई ही येथलीही कथा. परंतु या गावाचे वैशिष्ट्य निराळ्या ठिकाणी आहे. गावाने सिंचनासाठी बोअरवेल घेण्यास मनाई केली. ऊस आणि केळी ही पिके घेतली जात नाहीत. गावाबाहेरच्यांना जमीन विकली जात नाही. पर्जन्यमापकावरील नोंद आणि विहिरींची पातळी पाहून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी, मग शेती. पाऊस कमी झाला तर रब्बीच्या पिकांना कात्री लागते. ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात हा ताळेबंद शेतकऱ्याच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा निर्णय असतो. आणि हे ज्या जिल्ह्यात घडते, त्याची ओळखच उसाच्या कारखानदारीने घडवलेली आहे.

याच्या शेजारी राज्याचा कायदा ठेवून पाहावा. महाराष्ट्रात १९९३ चा भूजल अधिनियम सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर घेण्यास मनाई करीत असे. त्यापुढील २००९ चा अधिनियम शेतीसाठी ६० मीटरहून खोल विहिरींना प्रतिबंध करतो. दोन्ही कायद्यांमागे राज्याची संपूर्ण दंडशक्ती राहिली, तरी दर उन्हाळ्यात बोअरची यंत्रे गावोगाव फिरतातच. हिवरे बाजारच्या ग्रामसभेमागे अशी दंडशक्ती नाही. तिचा नियम मात्र पाळला गेला. राज्य आहे तेथे सुव्यवस्था आणि राज्य नाही तेथे गोंधळ, हे समीकरण निदान भूजलाच्या बाबतीत उलटे दिसते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात सामायिक संसाधनांविषयी हेच दाखवले होते : नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असावेत, देखरेख त्यांचीच असावी, शिक्षा टप्प्याटप्प्याने वाढणारी असावी आणि तंटा गावातच स्वस्तात मिटावा. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. क्रोपोटकिनने १९०२ मध्ये 'परस्पर साहाय्य' या कल्पनेतून जे सुचवले त्याला येथे अनुभवाचा आधार मिळतो.

येथे एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. हिवरे बाजारातील चर, बंधारे व वृक्षलागवड यांसाठी रोजगार हमी योजना आणि आदर्श गाव योजना यांचा पैसा वापरला गेला. राज्यसंस्था गावाबाहेर उभी नव्हती. ती खजिनदाराच्या भूमिकेत होती. ही भूमिका निरुपद्रवी असतेच असे नाही. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना हाही शेतकऱ्यांच्या परस्पर साहाय्याचाच प्रयोग होता. पुढे शासकीय भागभांडवल, हमी आणि १९६० चा सहकारी संस्था कायदा यांच्या मार्गाने महाराष्ट्रातील सहकार सत्तेच्या राजकारणाचा भाग बनला. हिवरे बाजारात योजनेचा पैसा आला, पण नियम योजनेने दिले नाहीत. भेद आहे तो इतकाच.

आंबेडकरांचा आक्षेप

अराजकतावादाच्या समर्थनार्थ गावाचे उदाहरण देणाऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना टाळून पुढे जाता येत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधानसभेतील भाषणात त्यांनी, घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार व कायदेभंग यांना 'अराजकाचे व्याकरण' म्हटले. हे म्हणणारी व्यक्ती महाडच्या आणि काळाराम मंदिराच्या सत्याग्रहांची नेता होती, हे विसरता कामा नये. 'व्याकरण' हा शब्दही अर्थपूर्ण आहे. अराजकालाही नियम असतात, हे त्यात गृहीत आहे. याहून गंभीर आक्षेप ४ नोव्हेंबर १९४८ चा. गाव हे संकुचितपणाचे व अज्ञानाचे आगर असल्याचे सांगून त्यांनी घटनेचा घटक म्हणून व्यक्तीची निवड झाल्याचे समर्थन केले. राज्यसंस्था नको म्हणणाऱ्याला 'मग दलिताचे संरक्षण कोण करणार' हा प्रश्न महाराष्ट्रात तरी चुकवता येत नाही. राज्यसंस्था गेली म्हणून जात जात नाही. उलट राज्याचा अंकुश सुटला की ती मोकळी होते. शांतिपर्वातील मोठा मासा तो हाच. त्यामुळे ग्रामव्यवस्थेतील सुव्यवस्थेचे मोजमाप पाण्याच्या पातळीवर थांबत नाही. त्या व्यवस्थेत असहमत होणाऱ्याचे काय होते, तेथपर्यंत ते न्यावे लागते.

या कसोटीवर जिल्ह्याबाहेरचे एक उदाहरण तुलनेसाठी उपयोगी आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकाचा विरोध असेल तर विषय थांबतो, पुन्हा चर्चेला येतो. शिवाय निर्णय घेणारी ग्रामसभा आणि माहिती जमवणारा अभ्यासगट हे वेगळे ठेवलेले आहेत. अभ्यास करणाऱ्याला हुकूम देण्याचा अधिकार नाही. विनोबांच्या आचार्याला जी जागा हवी होती ती येथे अशी छाटलेली दिसते. २०१३ मध्ये या गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान अधिनियमाखाली जमिनीची मालकी ग्रामसभेकडे सोपवण्याचा निर्णय घेतला. राज्याच्याच कायद्याने राज्यापासून अंतर राखण्याचा हा मार्ग प्रुदाँला विचित्र वाटला असता.

हिवरे बाजारात एकमताचा अर्थ दीर्घकाळ 'बिनविरोध' असा होता. बिनविरोध निवड महाराष्ट्रात भूषणाची मानली जाते आणि गावाला बक्षीसही मिळवून देते. पण बिनविरोध म्हणजे विरोध ऐकून मिटवलेला, की उभाच न राहू दिलेला, हे निकालाच्या कागदावरून कळत नाही. जानेवारी २०२१ मध्ये, जवळपास तीन दशकांनंतर, हिवरे बाजारात ग्रामपंचायतीसाठी प्रत्यक्ष मतदान झाले. पवार यांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. वृत्तपत्रांनी ही बातमी गावाची परंपरा खंडित झाल्याच्या सुरात दिली. वास्तविक त्या दिवशी पहिल्यांदाच विरोधाची मोजदाद झाली, आणि पाण्याचा ताळेबंद मांडणाऱ्या ग्रामसभेत पराभूत उमेदवारांनाही पूर्वीइतकीच जागा होती.