‘गावची’ शाळा आणि ‘गावाची’ शाळा

मराठीत षष्ठीचा ‘चा-ची-चे’ हा प्रत्यय काही नामांना दोन रीतींनी लागतो. ‘घरचा माणूस’ आणि ‘घराचा दरवाजा’ यांतील भेद या दृष्टीने बोलका आहे. पहिल्या प्रयोगात नामाचे सामान्यरूप होत नाही आणि संबंध प्रायः स्थलाचा किंवा आपलेपणाचा असतो. दुसऱ्यात सामान्यरूप होते आणि संबंध अवयवाचा किंवा स्वामित्वाचा असतो. त्याच न्यायाने ‘गावची शाळा’ म्हणजे गावात असलेली शाळा आणि ‘गावाची शाळा’ म्हणजे गावाच्या सत्तेतील शाळा. मराठवाड्यात हा दुसरा प्रयोग सहसा कानी पडत नाही. लोक ‘गावची शाळा’ म्हणतात, आणि मालकी सांगण्याची वेळ आली की ‘झेडपीची शाळा’ म्हणतात. सार्वजनिक शाळांना जिल्ह्याच्या नियंत्रणातून अधिक मोकळीक द्यावी की नाही, या वादात ज्या कायद्यांचा आणि परिपत्रकांचा आधार घेतला जातो, त्यांची भाषा या प्रत्ययभेदाच्या प्रकाशात तपासण्यासारखी आहे.

प्रथम इतिहासाशी न्यायाने वागले पाहिजे. हैदराबाद संस्थानात खासगी शाळा काढावयाची तर सरकारची पूर्वपरवानगी लागे. परिपत्रकाला तेथे ‘गश्ती’ म्हणत, आणि सार्वजनिक सभांवर निर्बंध घालणारी ‘गश्ती निशान ५३’ मराठवाड्याच्या स्मरणातून अद्याप गेलेली नाही. अशा मुलखात औरंगाबादेस १९१५ साली सरस्वती भुवन संस्था उभी राहिली, हे लोकांच्या शिक्षणविषयक कर्तृत्वाचे मोठेच गमक होय. पुढे १९६१ च्या कायद्यान्वये १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्या स्वाधीन झाल्या. हैदराबादहून व नंतर मुंबईहून चालणारा कारभार जिल्ह्याच्या ठिकाणी आला. त्या काळी ‘जिल्हा’ हा शब्द जवळिकीचा वाटला असल्यास नवल नाही. तथापि ‘स्वाधीन’ या शब्दाची मराठीतील गती पाहण्याजोगी आहे. मूळ अर्थ स्वतःच्या अधीन असा. परंतु मराठीत वस्तू स्वाधीन होते ती नेहमी दुसऱ्याच्या.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २१ व्या कलमाने प्रत्येक शासकीय, स्थानिक प्राधिकरणाच्या व अनुदानित शाळेस शाळा व्यवस्थापन समिती दिली. समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर स्थान, अशी ही रचना आहे. रचना उदार आहे. क्रियापदे मात्र कृपण आहेत. समितीने शाळेच्या कामकाजावर देखरेख करावयाची, विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करावयाची, अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवावयाचे. पाहणे, लिहिणे आणि सुचविणे येथवरच तिची धाव आहे. ‘ठरविणे’, ‘नेमणे’, ‘मंजूर करणे’ या क्रियांचा कर्ता अन्यत्र बसलेला आहे. नावात ‘व्यवस्थापन’ आणि कामात ‘शिफारस’ ही विसंगती केवळ शब्दयोजनेची नव्हे. शाळेत कोणता शिक्षक यावा, तो किती वर्षे राहावा, याविषयी समितीला काही म्हणावयाचे असले तरी बदल्यांची संगणकप्रणाली तिला विचारीत नाही.

परिपत्रकांची वाक्यरचना याहून सूचक आहे. ‘-ण्यात येणे’ हा प्रयोग कारभारी मराठीचा कणाच म्हणावा लागेल. ‘निर्णय घेण्यात येत आहे’, ‘निधी वितरित करण्यात यावा’ या वाक्यांतून कर्ता नाहीसा होतो. निर्णय कोणी घेतला हे वाक्य सांगत नाही, आणि वाचणाराही विचारीत नाही. परंतु वाक्यात कर्तव्य आले की कर्ता तत्काळ प्रकट होतो: ‘दक्षता मुख्याध्यापकांनी घ्यावी’, आणि शेवटी ‘अन्यथा संबंधितांना जबाबदार धरण्यात येईल’. अधिकाराचे वाक्य निनावी आणि जबाबदारीचे वाक्य नावनिशीवार, अशी ही विभागणी आहे. लहान शाळेचा मुख्याध्यापक या व्याकरणात वर्षानुवर्षे राहतो, तेव्हा तोही स्वतःच्या योजनांविषयी कर्मणी प्रयोगातच बोलू लागला तर दोष त्याचा किती?

या भाषेमागील व्यवस्था उघडी पडली ती गणवेशाच्या प्रकरणात. समग्र शिक्षा योजनेतून दोन गणवेशांसाठी प्रत्येक पात्र विद्यार्थ्यामागे ६०० रुपये येत आणि खरेदी व्यवस्थापन समिती करी. २०२३ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ अशी घोषणा झाली. २०२४-२५ या वर्षी कापडाची खरेदी राज्यपातळीवर झाली व शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचतगटांकडे गेले. गणवेश वेळेवर मिळाले नाहीत, मिळाले ते अनेक ठिकाणी अंगास बसेनात, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये खरेदीचा अधिकार पुन्हा समित्यांना देण्यात आला. (येथेही ‘देण्यात आला’ असेच लिहावे लागते.) मुलाच्या खांद्याचे माप गावातील शिंप्याला कळते व मंत्रालयाला कळत नाही, एवढाच बोध यातून काढणे अपुरे ठरेल. एका आदेशाने गेलेली आणि दुसऱ्या आदेशाने आलेली ही वस्तू अधिकार या संज्ञेस पात्र नाही. तिला परवानगी म्हणणे अधिक नेमके होईल.

याउलट छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेचे उदाहरण पाहावे. २०१९ च्या सुमारास तेथे परकीय भाषा शिकविण्याचे ठरले. कोणती भाषा, हे मुलांनाच विचारण्यात आले, आणि यंत्रमानव व तंत्रज्ञान यांच्या ओढीने त्यांनी जपानी निवडली. गावात ना पाठ्यपुस्तक होते, ना शिक्षक. पुढे शहरातील एका जाणकाराने विनामूल्य पाठ घेतले. मुलांनी योग्य भाषा निवडली की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. निवडीचा कर्ता शाळेच्या भिंतींच्या आत होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. अशी उदाहरणे जिल्ह्याच्या संमतीपेक्षा त्याच्या अलिप्ततेत अधिक वाढतात.

स्वायत्ततेवरील सर्वांत गंभीर आक्षेप मात्र या विवेचनाने ओलांडून जाता येणार नाही. ‘गावाची शाळा’ म्हटले तर हे ‘गाव’ म्हणजे कोण? ज्या गावांत वस्ती वेशीबाहेर ठेवली गेली, तेथे ‘गाव’ हे नाम सर्वांना सारखे कवेत घेत नाही. शिक्षकाची नेमणूक वा शाळेचा पैसा गावाच्या हाती देणे म्हणजे पुष्कळ ठिकाणी गावातील प्रबळांच्या हाती देणे होईल, ही भीती निराधार नाही. दलित पालकाला दूरचा अधिकारी कधी कधी जवळच्या सरपंचापेक्षा अधिक निःपक्ष वाटतो. परंतु जिल्ह्याचे नियंत्रण म्हणजे लोकांचे नियंत्रण हे गृहीतही तपासून घ्यावयास हवे. २०२२ मध्ये येथील जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात व्यवस्थापन समितीतील पालक हीच शाळेच्या कारभारातील उरलीसुरली लोकप्रतिनिधी मंडळी होती. कायद्याने वंचितांना प्रमाणशीर जागा दिली आहे ती याच समितीत. म्हणून प्रबळांच्या भीतीवरचा उपायही समितीला दुबळी ठेवण्यात नसून ती जागा खरोखर भरली जाते की नाही, हे पाहण्यात आहे. जिल्ह्याने देखरेख करावयाची ती येथे.

याच कायद्याच्या २२ व्या कलमानुसार शाळेचा विकास आराखडा हा अनुदानाचा पाया मानावयाचा आहे. मागणी आणि मंजुरी यांच्यात प्रत्यक्षात कितपत नाते उरते, हे अनुमानाने सांगण्यात अर्थ नाही. पैठण, कन्नड, वैजापूर या तालुक्यांतील काही शाळांचे सलग तीन वर्षांचे आराखडे मिळवून ते त्या त्या वर्षीच्या मंजुरीपत्रांशेजारी ठेवावेत. समितीने कोणती क्रियापदे वापरली व उत्तरात कोणती आली, याची नोंद एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका सत्रात सहज पुरी करता येईल.